आधी कोण जाणार? फुलं-कीटकांच्या जाळ्यात नामशेष होण्याचं सिम्युलेशन आरमध्ये, पायरीपायरीने

सप्टेंबरात अंजनेरीच्या पठारावर बसून फुलांवर येणारे कीटक मोजायचे, दिवाळीनंतर नोंदी एक्सेलमध्ये भरायच्या, आर ही सांख्यिकीची संगणकप्रणाली उघडून तिच्यातल्या बायपार्टाइट या जाळी-विश्लेषणाच्या पॅकेजचं एक फंक्शन चालवायचं. ०.६ च्या आसपास काहीतरी आकडा येतो आणि प्रबंधात वाक्य जातं: 'हे परागण-जाळं मजबूत आहे.' नाशिक-त्र्यंबक पट्ट्यातल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पांत हा साचा पक्का बसलाय. यात आकडा चुकलेला नसतो. त्या आकड्याला काय विचारलं होतं, तेच कुठे लिहिलेलं नसतं.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे जाळ्यातून एकेक प्रजाती काढत मागे काय पडतं ते संगणकावर बघताना, दोन गोष्टी तुम्ही ठरवता: प्रजाती कोणत्या क्रमाने काढायच्या, आणि आधार गेलेली प्रजाती कधी मेली असं धरायचं. सॉफ्टवेअर पुढची वजाबाकी करतं. या दोन गोष्टी न ठरवता एंटर दाबलंत, तर पॅकेज बनवणाऱ्याने ठरवलेलं आपोआप लागू होतं आणि निष्कर्ष तुमच्या नावावर जातो.

एक सूचना आधीच. खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. आरमध्ये ती रोमन लिपीत टंकायची. लहान-मोठं अक्षर आणि मधला टिंब यांनाही तिथे अर्थ असतो, म्हणून पॅकेजच्या मदत-पानावरून नाव उचलणं बरं.

## १. संगणक उघडण्याआधी: चार ओळी कागदावर

पुढच्या चार प्रश्नांची उत्तरं लिहून मार्गदर्शकांना दाखवा. तोवर आर उघडू नका.

एक, कोण मरणार? कीटक काढून वनस्पतींवर काय होतं ते बघायचंय, की वनस्पती काढून कीटकांवर? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही.

दोन, कोणत्या क्रमाने आणि का?

तीन, दुय्यम मरण, म्हणजे आधार गेल्यामुळे मागोमाग येणारं मरण, कधी मानायचं? सगळे आधार गेल्यावर, की काही टक्के गेल्यावर?

चार, आलेला आकडा कशाशी ताडून बघणार?

चौथ्याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. एकटा ०.६२ हा आकडा काहीच सांगत नाही. दुसरी जागा, दुसरा क्रम किंवा यादृच्छिक जाळी, यांतलं काहीतरी शेजारी ठेवावंच लागतं.

तपासणी: तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'पॅकेजमध्ये जे असेल ते' असं असेल, तर आधी सातवा टप्पा वाचा.

## २. वहीतून फाइलीत: इथेच निम्मं काम बिघडतं

नोंदी लांबट फाइलीत भरा. एका ओळीत एक जोडी: वनस्पती, भेट देणारा कीटक, जागा, भेटींची संख्या. बायपार्टाइटचं फ्रेमटूवेब्ज हे फंक्शन अशा फाइलीवरून जाळ्याचा तक्ता बनवतं. त्यासाठी रकान्यांची शीर्षकं ठरलेली आहेत: लोअर, हायर, वेबआयडी आणि फ्रीक. पहिल्यात वनस्पती, दुसऱ्यात कीटक. आडवा-उभा तक्ता एक्सेलमध्ये हाताने बनवायच्या फंदात पडू नका. एक ओळ घसरली तर ती सापडत नाही.

नावांची सफाई फाइल भरतानाच करा. 'सातेरी', 'सातेरी ' आणि 'सातेरी माशी' या आरच्या लेखी तीन प्रजाती आहेत. दुसऱ्या नावापुढची मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, आरला दिसते. एका सर्वव्यापी माशीच्या अशा तीन माश्या झाल्या की जाळं खोटंच मजबूत दिसायला लागतं, कारण एक 'सातेरी' काढली तरी दुसऱ्या दोन जागेवरच असतात. नावांची वेगळी यादी काढा, वर्णानुक्रमे लावा आणि डोळ्यांखालून घाला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते कोणी करत नाही.

मराठी नावं ठेवायची असतील तर जरूर ठेवा. मात्र एक्सेलमधून साठवताना साधं सीएसव्ही न निवडता यूटीएफ-८ चा पर्याय निवडा, नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. विंडोजवर आरची ४.२ किंवा पुढची आवृत्ती वापरा, त्यात देवनागरीचा त्रास बराच कमी झालाय. आलेखात अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर दोष फॉन्टचा असतो, विदा (डेटा) ठीक असते.

आता नोंदींच्या आतल्या अडचणी. इथे जरा थांबावं लागेल.

*भेट म्हणजे परागण नाही.* फुलावर बसलेला मुंगळा, पाकळ्या खाणारा भुंगेरा, बाजूने भोक पाडून मध चोरणारा सुतारभुंगा, हे सगळे वहीत 'भेट' म्हणून येतात. त्यांना ठेवायचं की वगळायचं, याचा नियम आधी लिहा आणि सगळ्या जागांना तोच लावा.

*वेळ सारखा हवा.* तेरड्यासमोर दोन तास आणि आभाळीसमोर वीस मिनिटं बसलात, तर तेरडा 'सर्वांचा लाडका' आणि आभाळी 'एकांडी' ठरते. जाळ्याचा आकार तेव्हा निसर्गाने नाही, तुमच्या बैठकीने ठरवलेला असतो.

*काही फुलं समोर बसून मोजताच येत नाहीत.* सेरोपेजिया अंजनेरिका, म्हणजे ज्या खरपुडीला या डोंगराचंच नाव मिळालंय, तिचंच बघा. खरपुड्यांच्या कंदिलासारख्या फुलात बारीक माश्या काही काळ अडकून राहतात. बाहेरून बघणाऱ्याच्या वहीत शून्य भेटी येतात, आणि फूल उघडून बघणाऱ्याला आत माश्या सापडतात. या दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवायचे असतील, तर संख्या सोडून फक्त 'आहे किंवा नाही' एवढंच वापरणं प्रामाणिक. आणि अशा दुर्मीळ वनस्पतीची फुलं उघडणं किंवा कीटकांचे नमुने घेणं वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

*कारवीचं वर्ष.* कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी आसपासच्या माश्या तिकडे वळल्या, तर तुमचं जाळं त्या वर्षाचं असेल, त्या डोंगराचं म्हणता येणार नाही. हे निदान तळटीपेत तरी यावं.

शेतातली जाळी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: निफाड-दिंडोरीकडे अभ्यास आहे म्हणून द्राक्षाला जाळ्यात घालायचा मोह टाळा. लागवडीतली द्राक्षं बहुतांशी स्वपरागणाने धरतात. तिथे 'माश्या गेल्या, द्राक्ष गेलं' असं सिम्युलेशनने दाखवलं, तर पहिला शेतकरीच हसेल. कांदा बीजोत्पादनाचे डोंगळे (कांद्याचे फुलांचे दांडे) मात्र या अभ्यासाला योग्य आहेत. एकाच फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बी धरायला कीटकांची ये-जा लागतेच.

तपासणी: फाइलीत रिकामा चौकोन आहे का? रिकामा म्हणजे 'पाहिलं नाही', शून्य म्हणजे 'पाहिलं, पण भेट झाली नाही'. फ्रेमटूवेब्ज न नोंदलेल्या जोडीला शून्य देतं. फुलण्याचा काळच जुळत नसलेल्या जोड्यांनाही ते शून्यच देतं, हे ध्यानात असू द्या.

## ३. तक्ता उभा करणे आणि दिशा पाहणे

पॅकेज बसवा, फाइल वाचा, फ्रेमटूवेब्ज चालवा, मग एम्प्टी या फंक्शनने पूर्ण शून्य असलेल्या ओळी आणि रकाने काढून टाका. हा भाग पटकन होतो.

यात एकच गोष्ट अडते, ती म्हणजे दिशा. बायपार्टाइटमध्ये ओळी म्हणजे खालची पातळी, अर्थात वनस्पती, आणि रकाने म्हणजे वरची पातळी, अर्थात कीटक. तक्ता उलटा असला तरी पॅकेज तक्रार करत नाही. निमूटपणे आकडा देतं, आणि तुम्ही 'कीटक काढले' असं लिहिता तेव्हा प्रत्यक्षात वनस्पती काढलेल्या असतात.

तपासणी: ओळींची नावं छापून बघा. तिथे सातेरी दिसली तर तक्ता फिरवा. शिवाय सगळ्या भेटींची बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळते का ते पाहा.

## ४. चिमुकला तक्ता, हाताने

खऱ्या विदेला हात लावण्याआधी हा सराव करा. खालचे आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, कोणत्याही पठारावरचे नाहीत.

| | सातेरी | आग्या | फुलोरी | सुतारभुंगा | बारीक माशी |
|---|---|---|---|---|---|
| तेरडा | १२ | ० | ० | ५ | ० |
| सोनकी | ९ | ७ | ३ | ० | ० |
| कवला | ६ | ० | ३ | ० | ० |
| खरपुडी | ० | ० | ० | ० | २ |

नियम साधा ठेवू: सगळे पाहुणे गेले तरच वनस्पती गेली. आता कीटक दोन क्रमांनी काढू.

पहिला क्रम, सर्वांत जास्त जोड असलेला, म्हणजे सर्वांत जास्त वनस्पतींवर जाणारा, आधी. सातेरीला तीन जोड, म्हणून ती पहिली जाते. चारही वनस्पतींना दुसरा कोणीतरी आहे, त्यामुळे चारही टिकतात. मग फुलोरी जाते आणि तिच्यामागे कवला. उरलेल्या तिघांना एकेकच जोड आहे. त्यांना कोणत्याही क्रमाने काढा, दर वेळी एक वनस्पती पडते. उरलेल्या वनस्पती: ४, ४, ३, २, १, ०.

दुसरा क्रम, सर्वांत कमी भेटींचा आधी. बारीक माशी जाते आणि खरपुडी लगेच संपते. मग सुतारभुंगा, फुलोरी, आग्या जातात, पण सातेरी असल्याने तिघी वनस्पती तग धरतात. शेवटी सातेरी गेली की सगळ्या एकदम जातात: ४, ३, ३, ३, ३, ०.

आता आडव्या अक्षावर काढलेल्या कीटकांचं प्रमाण, उभ्या अक्षावर उरलेल्या वनस्पतींचं प्रमाण घ्या आणि वक्राखालचं क्षेत्रफळ समलंबांच्या बेरजेने काढा. पहिल्या क्रमात ०.६०, दुसऱ्यात ०.७०. या क्षेत्रफळालाच मजबुती म्हणतात. ते ० ते १ च्या दरम्यान असतं, आणि १ कडे झुकेल तितकं जाळं सोशिक.

०.७० हे ०.६० पेक्षा 'चांगलं' आहे. पण दुसऱ्या क्रमात खरपुडी पहिल्याच पायरीला गेली, आणि ज्या वनस्पतीसाठी अंजनेरीवर अभ्यासक येतात ती जाणं या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून मजबुतीसोबत 'कोण कितव्या पायरीला गेलं' ही यादी नेहमी ठेवायची.

तपासणी: हाच तक्ता आरमध्ये भरून बायपार्टाइटचं सेकंड.एक्स्टिंक्ट हे प्रजाती काढत जाणारं फंक्शन चालवा. निकालात प्रत्येक पायरीला *त्या पायरीत* किती मेले ते येतं, एकूण किती मेले ते नाही. रकान्याची बेरीज प्रजातींच्या संख्येइतकी यायला हवी. पायऱ्या तुमच्या हाताच्या हिशेबाशी जुळल्याच पाहिजेत. मजबुती काढणाऱ्या रोबस्टनेस या फंक्शनचा अंतिम आकडा मात्र किंचित वेगळा येऊ शकतो, कारण बिंदू जोडण्याची त्याची रीत समलंबांची नाही. चार-पाच प्रजातींच्या तक्त्यात हा फरक डोळ्यात भरतो. प्रबंधभर कोणतीतरी एकच रीत वापरा आणि कोणती ते लिहा.

## ५. मारण्याचा क्रम: खरी गृहीतकं इथे आहेत

सेकंड.एक्स्टिंक्टला पार्टिसिपंट, म्हणजे कोण काढायचं ते, म्हणून हायर, लोअर किंवा बोथ सांगता येतं, आणि मेथड म्हणून चार पर्याय आहेत.

रँडम. कोणतीही प्रजाती कधीही. हा क्रम निसर्गात घडत नाही, तो मोजपट्टीसाठी आहे. 'आमच्या जाळ्यात यादृच्छिक नामशेष झालं तर' असं लिहिण्याऐवजी बाकीचे क्रम याच्याशी ताडून बघा.

अबंडन्स. कमी संख्येची आधी. लक्षात घ्या, काहीच न सांगता फंक्शन चालवलंत तर हाच क्रम लागतो. इथे 'संख्या' म्हणजे तुमच्या तक्त्यातल्या भेटींची बेरीज, निसर्गातली संख्या नाही. एकदाच दिसलेली माशी खरंच दुर्मीळ होती की तुम्ही तिथून लवकर उठलात, हे फंक्शनला कळत नाही.

डिग्री. सर्वांत जास्त जोडांची आधी. हा मुद्दाम घेतलेला वाईटातला वाईट प्रसंग आहे. सातेरीवर रोग आला तर काय, असा प्रश्न असेल तर हा क्रम त्याच्या जवळ जातो, पण पहिल्या पायरीपुरताच.

एक्स्टर्नल. क्रम तुमचा. सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा.

चौथ्या पर्यायासाठी आधी एक छोटी फाइल करा: प्रजाती, क्रमांक, कारण. त्र्यंबकच्या डोंगरउतारावर वणवा हे कारण असेल, तर वाळक्या काटक्यांत आणि फांद्यांत घर करणाऱ्या माश्या आधी. पठारावर गाड्या आणि पायांनी माती दबणं हे कारण असेल, तर जमिनीत बीळ करणाऱ्या आधी. द्राक्षबागांच्या काठावर फवारणी हे कारण असेल, तर बागेत जास्त वेळ फिरणाऱ्या आधी. प्रत्येक कारण वेगळा क्रम देतं, आणि वेगळा क्रम वेगळा वक्र देतो. हे तीन वक्र एका आलेखात ठेवले की प्रबंधाला अर्थ येतो.

क्रमाची फाइल निकाल पाहण्याआधी तारीख टाकून बंद करा. वक्र बघून क्रम 'जरा सुधारायचा' मोह फार होतो.

इशारा: फ्रेमटूवेब्ज नावं वर्णानुक्रमे लावतं आणि एम्प्टी मधली काही गाळतं. म्हणजे तुमच्या कागदावरचा सातवा क्रमांक तक्त्यातला सातवा नसतो. अनुक्रमांक हाताने टंकू नका. आरच्या मॅच फंक्शनने नावांवरून ते काढा आणि परत नावं छापून क्रम वाचून बघा. ही चूक झाली तर कुठलाही लाल संदेश येत नाही.

## ६. चालवणे

सेट.सीड (यादृच्छिक निवडीची सुरुवात पक्की करणारं फंक्शन) आधी, नाहीतर उद्या हाच आकडा परत येणार नाही. पुनरावृत्ती फंक्शनने स्वतःहून फक्त १० धरलेल्या असतात. रँडमसाठी त्या १००० करा. डिग्री आणि अबंडन्सलाही एकदाच चालवून भागत नाही: दोन प्रजातींची बरोबरी झाली की कोणाला आधी काढायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. लहान जाळ्यात अशा बरोबऱ्या फार असतात.

डीटेल्स हा पर्याय चालू केला तर प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा मिळतो, बंद ठेवला तर सरासरी. चालूच ठेवा. १००० फेऱ्यांची मजबुती वेगवेगळी काढून तिची मधली ९५ टक्के व्याप्ती द्या. नुसती सरासरी दिली तर फेऱ्या एकमेकींपासून किती लांब पडतात ते दिसत नाही.

मोठ्या जाळ्यावर उडी मारण्याआधी पॅकेजसोबत येणाऱ्या सफारीलँड विदेवर सगळा कोड एकदा चालवा. त्यात ९ वनस्पती आणि २७ पाहुणे आहेत. तिथे कोड अडला तर दोष तुमच्या फाइलीचा नाही, कोडचा आहे. एवढं वेगळं कळलं तरी पुष्कळ वेळ वाचतो.

तपासणी: वक्र कुठेही वर चढत असेल तर थांबा. मेलेली प्रजाती परत येत नाही. कुठेतरी एकूण आणि पायरीगणिक या दोन मोजण्या मिसळल्या आहेत.

## ७. मरणाचा नियम बदलणे: इथे स्वतःचा लूप लिहावा लागतो

'शेवटचा पाहुणा जाईपर्यंत वनस्पती जिवंत' हा नियम फारच आशावादी आहे. शिवाय त्यात साखळी मागे फिरतच नाही. वनस्पती मेली याचाच अर्थ तिचे सगळे पाहुणे आधीच गेलेले होते, त्यामुळे तिच्या मरणाने आणखी कोणी उपाशी राहत नाही. खरी पडझड बघायची तर उंबरठा हवा.

उंबरठ्याचा लूप असा. मूळ तक्त्याची प्रत जपून ठेवा. एक कीटक शून्य करा. प्रत्येक वनस्पतीच्या उरलेल्या भेटी भागिले *मूळ* भेटी काढा. ठरवलेल्या टक्क्यांइतक्या गेल्या असतील तर ती वनस्पती शून्य करा. आता कीटकांचं तेच गणित करा, मग परत वनस्पतींचं, आणि एकही नवं मरण न होणारी फेरी येईपर्यंत हे चालू ठेवा. त्यानंतरच पुढचा कीटक काढा.

चौथ्या टप्प्यातल्या तक्त्यावर '५० टक्के किंवा जास्त गेल्या तर मृत' हा नियम लावू. फक्त सातेरी काढली. तेरड्याच्या १७ पैकी १२ भेटी गेल्या, तेरडा मेला. कवल्याच्या ९ पैकी ६ गेल्या, कवला मेला. सोनकीच्या १९ पैकी ९ गेल्या, ती थोडक्यात वाचली. आता मागची फेरी: सुतारभुंग्याचा एकमेव तेरडा गेला, म्हणून तो गेला. फुलोरीच्या ६ पैकी ३ गेल्या, बरोबर निम्म्या, तीही गेली. तिच्यामुळे सोनकीच्या एकूण १२ भेटी गेल्या आणि सोनकी पडली. सोनकीवर जगणारा आग्याही गेला. उरली खरपुडी आणि तिची बारीक माशी.

आता नियमातला एकच शब्द बदला: '५० टक्क्यांपेक्षा जास्त'. फुलोरीच्या बरोबर निम्म्याच भेटी गेल्या होत्या, ती वाचते. म्हणून सोनकी वाचते, आग्या वाचतो. कोडमध्ये फरक एका बरोबरच्या चिन्हाचा, आणि जाळ्याचा मधला भाग उभा राहतो की कोसळतो हे त्यावर ठरतं. त्यामुळे एक उंबरठा घेऊन चालत नाही. ३० पासून ९० टक्क्यांपर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी चालवा आणि निष्कर्ष कुठे उलटतो ते दाखवा.

नेहमीची चूक: भागाकारात मूळ भेटींऐवजी मागच्या फेरीतल्या भेटी घेणं. मग तोटा दर फेरीला नव्याने मोजला जातो, आणि थोड्याथोड्याने झिजणारी प्रजाती कधी मरतच नाही.

आणखी पुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, उंबरठ्याऐवजी संभाव्यता: जोडीदारावर जितकं अवलंबित्व, तितकी त्याच्यामागे जाण्याची शक्यता, आणि त्याला प्रजातीच्या परागणावरच्या एकूण गरजेने गुणायचं. दुसरी, नवे जोड: सातेरी गेल्यावर तेरड्यावर आग्या येऊ शकेल का? नवे जोड देताना फुलण्याचा काळ आणि फुलाची खोली जुळते का ते तपासा. खरपुडीच्या कंदिलात आग्या बसवणारा कोड मजबुती वाढवून दाखवेल, पण तो आग्या आत शिरणार कसा?

वनस्पतींची एकूण गरजही सारखी धरू नका. स्वपरागण करणारी, कंदाने वर्षानुवर्षं तगणारी आणि दरवर्षी बियांतूनच उगवणारी, या तिघींना एकच नियम लावणं बरोबर नाही. तेरडा दरवर्षी बियांवर अवलंबून, खरपुडी कंदातून परत येते. परागवाहक गेल्यावर खरपुडी त्याच हंगामात मरत नाही, फक्त बी धरायचं थांबतं. प्रबंधात 'नामशेष' ऐवजी 'परागणाविना' हा शब्द कित्येकदा जास्त खरा असतो.

## ८. ताडून बघणे

अंजनेरीचं जाळं आणि गंगापूर धरणाच्या काठचं जाळं यांची मजबुती थेट शेजारी ठेवू नका. प्रजातींची संख्या, जोडांची घनता आणि निरीक्षणाचे तास वेगळे असतील, तर फरक त्यांचाच असू शकतो. आधी निरीक्षणं समान करा: जास्त तासांच्या जागेतून तितकेच तास यादृच्छिक निवडा, असं अनेकदा करा आणि दर वेळी पूर्ण सिम्युलेशन चालवा.

मग शून्य-प्रतिमान, म्हणजे तुलनेसाठी भेटी यादृच्छिक वाटून बनवलेली जाळी. बायपार्टाइटच्या नलमॉडेल फंक्शनमध्ये अनेक रीती आहेत. आरटूडीटेबल ही ओळी-रकान्यांच्या बेरजा तशाच ठेवते, पण जोडांची संख्या वाढवते. जोड वाढले की जाळं आपोआप सोशिक होतं, आणि तुमचं खरं जाळं उगाच कमकुवत दिसतं. जोडांची घनता राखणारी वाझनल ही रीत या कामाला जास्त योग्य. निदान दोन्ही चालवून फरक दाखवा.

तपासणी: एकदाच दिसलेल्या जोड्या सगळ्या काढून पुन्हा चालवा. निष्कर्ष उलटला तर तो निष्कर्ष त्या एकेका भेटीवर उभा होता.

## ९. तळ्यावरच्या अन्नजाळ्यासाठी थोडक्यात

नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळीचं अन्नजाळं घेणाऱ्यांना बायपार्टाइट पुरत नाही, कारण तिथे पातळ्या दोन नसतात. नेटवर्कएक्स्टिंक्शन हे पॅकेज किंवा स्वतःचा लूप वापरा. तिथल्या तीन चुका ठरलेल्या आहेत. शेवाळ आणि पाणवनस्पती कोणाला खात नाहीत. त्यांना 'तळाच्या' म्हणून वेगळं नोंदवलं नाही, तर 'अन्न नाही' म्हणून त्या पहिल्याच पायरीला मरतात आणि सगळं जाळं कोसळतं. स्वतःच्याच पिल्लांना खाणारा मासा स्वतःचं अन्न ठरतो आणि कधीच मरत नाही, म्हणून कर्णावरचे आकडे शून्य करा. तिसरी दिशेची: ओळीत भक्ष्य, रकान्यात भक्षक, हे चालवण्याआधी पाहा. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचं अन्न वर्षातले काही महिनेच तळ्यावर असतं, म्हणून हंगामागणिक वेगळी जाळी करणं इथे जवळपास सक्तीचंच.

## १०. लिहिताना

निकालाच्या परिच्छेदात हे सगळं आलं पाहिजे: कोण काढलं, कोणत्या क्रमाने, मरणाचा नियम कोणता आणि त्यात 'किंवा जास्त' होतं की 'पेक्षा जास्त', किती फेऱ्या, सीड किती, मजबुती आणि तिची व्याप्ती, शून्य-प्रतिमानाची रीत, आर आणि पॅकेजची आवृत्ती. शेवटचं सेशनइन्फो फंक्शन चालवून मिळतं.

'कीटक गेले तर डोंगळ्याला बी धरणार नाही' असं या सिम्युलेशनवरून लिहू नका. भेटी मोजल्यात, बी मोजलेलं नाही. ते सिद्ध करायचं तर काही डोंगळ्यांवर बारीक जाळीची पिशवी चढवून, काही उघडे ठेवून, दोन्हींतलं बी मोजावं लागतं. फेब्रुवारीत डोंगळे फुललेले असताना निफाडकडे जाणं होणार असेल, तर पिशव्या सोबत घ्या आणि फुलं उमलायच्या आधी बांधा.